पालथ्या ओंजळीतला नववा कागद

१

या मंडळी, पुढे सरका. भिंतीला टेकलेल्यांनीसुद्धा या, सतरंजीवर जागा आहे. गोष्ट आणि कीर्तन लांबून ऐकू नये, अर्धं वाऱ्यावर जातं. आज एका चोरीची गोष्ट सांगतो. चोरीला गेला एक कागद, आणि चोर धरला तो हातात चिपळ्या घेणाऱ्या एका बाईनं. शेवटाला तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, पण ते शेवटाला. आधी ऐका.

साल एकोणीसशे शहाऐंशी. फेब्रुवारीतला शनिवार, संध्याकाळचे पावणेसात. मुलुंडला टेकडीच्या अंगाला मराठी ख्रिस्ती मंडळींचं एक चर्च होतं. त्याच्या पाळकांच्या खोलीत सात माणसं उभी होती आणि सातही जणांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पाळकसाहेबांच्या हातात नकाशे ठेवायचं पत्र्याचं लांब नळकांडं होतं. त्यांनी ते उलटं केलं, तळाशी थाप मारली, आत डोळा घालून बघितलं.

"रिकामं," ते म्हणाले.

"रिकामं कसं असेल?" मालन ओरडलीच. "चार वाजता या डोळ्यांनी बघितलाय मी कागद!"

मालन पेटी वाजवायची, आणि तिची नणंद प्रेमाबाई कीर्तन करायच्या. चर्चमध्ये कीर्तन कसलं, असं ज्याला वाटेल त्यानं नगरकडच्या ख्रिस्ती घरात एकदा मुक्कामाला जावं. तेच नमन, तोच पूर्वरंग, तेच आख्यान, त्याच चिपळ्या. फक्त गोष्ट येशूनं सांगितलेली. प्रेमाबाई घाटकोपरच्या शाळेत मुलांना गणित शिकवायच्या आणि शनिवार-रविवारी देवाचं नाव गायच्या. त्या दिवशीचं कीर्तन नुकतंच संपलं होतं. बाहेर चहाच्या कपांचा आवाज चालू होता.

खुर्चीत एक सडपातळ म्हातारे गृहस्थ खाली बसले. "नववा कागद गेला," ते हळूच म्हणाले. "आता काय उरलं?"

हे चंद्रप्रकाश परुळेकर. वय अडुसष्ट. चाळीस वर्षांत त्यांनी अकरा चर्चं बांधली, सगळी उघड्या काँक्रीटची. मनोरा नाही, कौलं नाहीत, नक्षी नाही. हे मुलुंडचं अकरावं आणि शेवटचं. दोन वाकलेली छपरं एकमेकांना टेकल्यासारखी, जणू कुणी ओंजळ पालथी धरलीय. रिक्षावाले त्याला टाकीवालं चर्च म्हणत.

त्याच छपराचा पाटाएवढा तुकडा बुधवारी दुपारी पहिल्या बाकावर कोसळला. बाक रिकामा होता म्हणून बरं. रविवारी उपासनेनंतर पंचांची सभा ठरली: छप्पर पाडून कौलं घालायची का? एकदा पाडलं की पेपरात ओळ येणार, परुळेकरांचं छप्पर कोसळलं. मग बाकीच्या दहा चर्चांतही लोक मान वर करून भीतीनंच बघणार. एका माणसाची आख्खी हयात त्या सभेत तोलली जाणार होती, आणि तिच्या बाजूनं बोलणारा एकच साक्षीदार होता. छपराचा मूळ नकाशा, कागद नंबर नऊ. त्याच्या बाकीच्या प्रती वाळवीनं खाल्ल्या होत्या.

"मला तर काही नवल वाटत नाही," पंचांचे सेक्रेटरी श्यामकांत भालेराव म्हणाले. त्यांचं बोट परुळेकरांच्या अंगठ्याकडे गेलं. अंगठ्याला ताजी चिंधी बांधलेली होती. "ज्याला तो कागद नकोसा होता, त्यानंच तो फाडला असणार!"

२

"भालेराव, हात खाली करा," प्रेमाबाई म्हणाल्या. आवाज शाळेतला होता. हात खाली आला.

"पाळकसाहेब, या खोलीला कुलूप घाला. किल्ली तुमच्याकडे. आणि उद्या सभेपर्यंत मला वेळ द्या."

"तुम्ही काय पोलीस आहात का?"

"नाही. पण माझ्या कीर्तनात चोरी झालीय. चोरानं माझ्या नावावर वेळ साधलीय."

मालननं कान टवकारले. वन्संचा हा सूर तिला ठाऊक होता. शाळेत खडूचा डबा चोरणारा याच सुरापुढे कबूल झाला होता. ती दुपारपासूनचं सगळं मनात उलगडत बसली.

चार वाजता याच खोलीत त्या दोघी परुळेकरांबरोबर चहा पीत होत्या. कोपऱ्यात जुन्या फाटक्या चटयांच्या गुंडाळ्या उभ्या होत्या, भिंतीत उंचावर सिमेंटची जाळी होती. परुळेकरांनी नळकांड्याचं झाकण काढून कागदाचं टोक दाखवलं आणि पुन्हा लावलं. "उद्या सगळ्यांसमोर उघडतलंय," ते म्हणाले. मुंबईत जन्म गेला तरी मालवणी जिभेवरून उतरली नव्हती.

"अंगठ्याला काय झालं?" मालननं विचारलं.

"सकाळीच ब्लेड लागलां गो. ट्रेसिंग कागदावरची शाई खोडूक आम्ही अर्ध्या ब्लेडान खरवडतो. जुनी सवय."

"इतकी चर्चं, आणि तुम्ही तर आमच्यातले नाही. मग हे वेड कुठून?"

म्हातारा खुलला. "माझो बापूस धाकू, गिरणीत. मी डबो घेऊन जायचंय. गिरणीचं छप्पर बघितलंस कधी? करवतीसारखं, काचा फक्त उत्तरेला. ऊन आत येत नाही, उजेड येतो. मला वाटलं, कापसाला एवढी सोय, मग देवाला का नको?" त्यांनी खिशातून काळी वही काढली. "ही माझी दोषवही. प्रत्येक चर्चचा एक दोष, माझ्याच हातानं लिहिलेला."

मालननं पानं उलटली. अंधेरी: आवाज दोनदा येतो, एकदा पाळकाचा, एकदा भिंतीचा. बोरिवली: चैत्रात फरशी तापते, अनवाणी माणसाचा विचार केला नाही. खारदांडा: खाऱ्या वाऱ्यानं लोखंड फुगलं, समुद्राला विचारलं नाही. दहिसर: दार जड, म्हाताऱ्या बायांना उघडत नाही.

"आणि मुलुंड?"

परुळेकरांनी वही हलकेच मिटली. "त्या पानाक वेळ आसा."

तेवढ्यात कुणीतरी अगदी कानाशी पुटपुटलं, "आयला, शाई उडाली वाटतं तबल्याची!" मालन दचकली. खोलीत चौथं कुणी नव्हतं, दार लोटलेलं होतं. बाहेर डोकावली तर तबलजी नंदकुमार लांब व्यासपीठावर एकटाच तबल्याकडे बघत बसलेला. "भूतबीत आहे की काय इथं?" म्हणून ती हसली आणि विसरून गेली.

पाच वाजता कीर्तन उभं राहिलं. आख्यान होतं घर सोडून गेलेल्या मुलाचं. पावणेसहाला सूर्य दारावरच्या उभ्या खिडकीत आला आणि ऊन थेट प्रेमाबाईंच्या डोळ्यांत. रोज त्या वेळी येतंच तिथं. दहा मिनिटं त्यांना समोरचं माणूस दिसेना. नेमकं तेव्हाच त्या मालनकडे वाकून कुजबुजल्या, "मालन, तुझ्या करवंदाच्या लोणच्यानं घात केला गं. घसा धरला. वरचा अंतरा तू घे."

मालननं गाल फुगवून अंतरा उचलला:

*दार ना लाविले बापाने, दिवा ना विझविला,*
*वाट सरेल लेकराची, म्हणुनी उभा राहिला.*

पेटीवालीनं अंतरा उचलायचा ही कीर्तनाची रीतच. कुणाला काही कळलं नाही. पुढच्या पदाला प्रेमाबाईंचा गळा पुन्हा मोकळा झाला आणि सभागृहात रुमाल बाहेर निघाले.

त्या दहा मिनिटांत कुणीतरी उठून पाळकांच्या खोलीत गेलं होतं. पण कोण?

३

सभागृहात एक बाक ओढून प्रेमाबाई बसल्या. पहिला आला कंत्राटदार राजाराम गावंड, बाजूच्याच गावातला, आडव्या बांध्याचा. पँटच्या गुडघ्यांना काळं डांबर.

"राजारामभाऊ, कीर्तनात कुठं होता?"

"खोटं कशाला बोलू? छपरावर."

"छपरावर!" मालननं कपाळाला हात लावला. "आम्ही खाली देवाचं नाव घेतो आणि हे वर!"

"अगं ताई, लोक म्हणतात गावंडानं सिमेंटात रेती जास्त घातली. माझ्या घासाला घास लागत नाय बुधवारपासून. शिडी लावली, चढलो. माझा माल खणखणीत आहे! चीर पडलीय ती पट्टी धरून मारल्यासारखी सरळ. जिथं फट होती ना, अगदी तिथंच."

"कसली फट?"

"दोन छपरांच्या मधी. साहेबानं कागदात चार बोटांची फट ठेवलेली, वर काच. उन्हात काँक्रीट फुगतं, त्याला हलायला जागा लागते. आणि त्याच फटीतून उजेडाची रेघ खाली येणार होती. पण पावसाच्या तोंडावर निरोप आला, फट बुजव. बुजवली."

"निरोप कुणाचा?"

"ऑफिसचा. कुणी आणला ते अकरा वर्षांनी काय सांगू? मला कागद वाचता येत नाय, निरोप कळतो."

प्रेमाबाईंनी मान वळवली. "परुळेकरसाहेब?"

म्हाताऱ्यानं राजारामकडे बघितलं. मग म्हणाला, "ऑफिसचो निरोप म्हणजे माझोच. आणखी काय?"

मालननं चटकन परुळेकरांकडे वळून बघितलं. म्हणजे ज्यांच्यासाठी धडपड चाललीय, चूक त्यांचीच?

"ऐकलंत ना!" श्यामकांत पुढे झाले. "आणि मी सांगतो, हे मधेच उठून गेले होते. मी मोठ्या दारात उभा होतो. तीनदा रडलो, पण जागा सोडली नाही."

"मी ओट्यार गेलंय," परुळेकर म्हणाले. "खोकलो इलो. कीर्तनात खोकूचा नाय."

"ओट्यावर कुणी पाहिलं तुम्हाला?"

"कोणी नाय."

"भालेराव," प्रेमाबाईंनी विचारलं, "तुम्हाला या छपराचा एवढा राग का?"

"राग? बाई, माझ्या थोरलीचं लग्न इथं लागलं. फोटो गावाला पाठवले तर सासरे विचारतात, लग्न गोदामात का लावलं? मला चर्चसारखं चर्च हवं! कौलं हवीत, मनोरा हवा! पण म्हणून मी चोरी करीन?"

शेवटी आला रतन कोठारे. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट. हे चर्च बांधलं जात होतं तेव्हा तो परुळेकरांच्या हाताखाली नकाशे काढायचा. आता अंधेरीला त्याचं स्वतःचं ऑफिस होतं. परुळेकरांच्या पायांना हात लावल्याशिवाय तो समोर बसला नाही.

"मी गोरेगावच्या चाळीतला मुलगा, बाई. पेन्सिल कशी धरायची तेसुद्धा सरांनी शिकवलं. सरांना काही झालं तर…" 

"कीर्तनात कुठं बसला होतास?"

"उजवीकडच्या शेवटच्या खांबाशी. पूर्ण वेळ. मी डोळे मिटून ऐकतो."

संपलं. कुणाकडे पुरावा नाही, कुणाकडे कागद नाही. तीन हात लांबीची गुंडाळी लपवून नेलेली एकाही माणसानं पाहिली नव्हती. मालन खट्टू होऊन पेटी उचलून फाटकाशी आली, तर मागून रतन धावत आला. हातात वाण्याच्या दुकानातली पुडी.

"बाई, ज्येष्ठमध आहे. झोपताना तोंडात धरा. गळा जपा, लाख मोलाचा आहे. आणि ते करवंदाचं लोणचं दोन दिवस लांब ठेवा हं!"

हसला आणि गेला.

"किती मायेचा माणूस!" मालनचे डोळे भरून आले. "नाहीतर आमच्या घरचे. घसा बसला तर म्हणतात, बरं झालं, शांतता."

प्रेमाबाई पुडी हातात धरून रस्त्यातच थांबल्या होत्या. बाजूनं सायकलवाला घंटी वाजवत गेला तरी हलल्या नाहीत.

"मालन, माझा आवाज तुला आत्ता बसलेला वाटतो?"

"छे! घंटेसारखा आहे."

"आणि त्या अंतऱ्याबद्दल तू कुणाशी बोललीस?"

"माझ्याच लोणच्याची बदनामी मी कशाला करू?"

"मग उद्या सकाळी सातला इथं. डोकं विंचरायला वेळ लावू नकोस."

४

रविवारी सातला चर्च रिकामं होतं. पाळकसाहेबांनी दार उघडलं, खोलीची किल्ली हातात दिली आणि गुपचूप प्रार्थनेला बसले.

"मी व्यासपीठावर काल होते तिथं उभी राहते," प्रेमाबाई म्हणाल्या. "कालच्याइतकंच हळू बोलते. तू मी सांगेन तिथं बस, आणि ऐकलंस ते मला येऊन सांग."

मालन उजव्या खांबाशी, पाळकांच्या खोलीच्या दाराजवळ, जाऊन बसली. लांब वन्संचे ओठ हलताना दिसले. कानावर काही नाही.

"काय ऐकलंस?"

"माझ्या पोटातली कावळ्यांची कावकाव. चहा नाही झाला."

मग डाव्या खांबाशी. मग दारात, भालेराव उभे होते तिथं. मग मधल्या बाकावर. मग ओट्यावर. सतरंजीवर अगदी पुढे बसूनसुद्धा नुसतं फुसफुस. मालन दमली. "वन्सं, देवाच्या घरात हा काय आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ?"

"आता एकच जागा. पाळकांच्या खोलीत जा. दार लोटून घे."

मालन खोलीत गेली. दार लोटलं. कोपऱ्यातल्या चटया, टेबलावरचं रिकामं नळकांडं, वरची जाळी. ती उभी राहिली.

आणि तिच्या कानात, जणू कुणी खांद्यावर हनुवटी टेकून बोलतंय असं, स्वच्छ ऐकू आलं:

"मालन, चोर सापडला."

५

ती किंचाळतच बाहेर आली. प्रेमाबाई तिच्याकडे चालत येत होत्या. त्यांनी तिला पुन्हा खोलीत नेलं.

"नंदकुमारचं पुटपुटणं आठवतं? भूत नव्हतं ते. हे छप्पर ओंजळीसारखं वाकलेलं. व्यासपीठावर निघालेला आवाज वर जातो, वाकावरून घरंगळतो आणि थेट त्या जाळीत पडतो. सभागृहात कुजबुज मरते, या खोलीत जिवंत होते."

"म्हणजे लोणच्याचं…"

"तुला मी कुजबुजले तेव्हा जगात ते दोघींनाच ठाऊक होतं. अंतरा तू घेतलास, तो पेटीवाली घेतेच. माझा घसा नंतर मोकळा होता. मग रतनला ज्येष्ठमध कशाला सुचलं? आणि लोणचं सुचलं तर सुचलं, करवंदाचंच कसं? खांबाशी बसून ते ऐकायला येत नाही, तू आत्ताच बघितलंस. ते ऐकू येतं फक्त इथं. ऊन माझ्या डोळ्यांत होतं तेव्हा तो या खोलीत उभा होता, हातात कागद घेऊन."

मालननं वरच्या जाळीकडे बघितलं. "पण वन्सं, चोर कधी पुडी आणून देतो का?"

"तेच तर. चोर वाईट असता तर सापडला नसता. आपल्याकडे कीर्तन करणाऱ्याचा घसा धरला की कुणीतरी खडीसाखर आणतं, कुणी ज्येष्ठमध. त्याचं मन रीतीप्रमाणे धावलं. कानानं कुठं ऐकलं, याचा विसर पडला."

"मग कागद? तो नेताना तर कुणीच पाहिलं नाही."

"रिकाम्या हातानं आत गेला, रिकाम्या हातानं बाहेर आला. म्हणजे?"

दोघींची नजर एकदमच कोपऱ्याकडे गेली. काल श्यामकांतनी कपाट पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. फाटक्या चटयांना कोण हात लावतो? पहिली चटई उलगडली, झुरळ निघालं. दुसरी उलगडली, धूळ. तिसरीच्या पोटात पांढरट, कुरकुरणारी गुंडाळी.

मालनला नाचावंसं वाटलं. पण कागद टेबलावर पसरताच प्रेमाबाईंचा चेहरा उतरला. दोन छपरांच्या मध्ये फट स्पष्ट काढलेली होती. तिच्या शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं: *फट बुजवली. ३१ मे १९७५.* आणि खाली सही. चं. प.

"अगं बाई! सही परुळेकरांचीच! मग रतननं कागद चोरला कशाला? यानं तर तो सुटतोच की!"

प्रेमाबाईंनी कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ बघितलं. मग पदरानं डोळे टिपले.

"घंटा झाली, मालन. चल, पेटी घे. आज सभेत मला तुझी साथ लागेल."

६

उपासना झाली. पंच पुढच्या बाकांवर बसले. प्रेमाबाईंनी कागद टेबलावर पसरला तेव्हा सगळीकडून "मिळाला! मिळाला!" झालं. फक्त रतन जागच्या जागी गोठला.

श्यामकांत धावत आले, वाकून बघितलं. "चं. प.! बघा! स्वतः लिहिलंय, फट बुजवली! गुन्हेगार हाच!"

"होय," परुळेकर उठले. "मीच बुजवली. त्यात राजारामची चूक नाय, कोणाचीच नाय. चूक माझी. पण छप्पर पाडू नकात. या रेघेवर कापा, फट मोकळी करा, चीर वाढूची नाय. एवढ्यासाठीच कागद आणलेलंय. माझा नाव घालवा, चर्च ठेवा."

पंचांत कुजबुज उसळली. प्रेमाबाईंनी चिपळ्या वाजवल्या. एकदाच.

"थोडं थांबा. भालेराव, कागदाचं हे टोक धरा. पाळकसाहेब, ते टोक. दारातल्या उजेडासमोर धरा. आता सही बघा. काय दिसतं?"

श्यामकांत डोळे बारीक करून म्हणाले, "शाई… पसरलीय. आणि कागद तिथं पातळ झालाय. खरवडल्यासारखा."

"बाकीची अक्षरं अकरा वर्षांची, करडी पडलेली. सही काळीभोर. खरवडलेल्या ट्रेसिंगवर शाई पसरतेच. साहेबांचा अंगठा काल सकाळी ब्लेडनं कापला. का कापला? तर तिथली आधीची सही काढून त्यांनी आपली घातली." त्यांनी मंडळीकडे पाहिलं. "आधीची कुणाची, ते ब्लेडच्या ओरखड्यातून अजून वाचता येतं. मी वाचलंय. पण मी सांगणार नाही. कागद कुणी लपवला तेही मला ठाऊक आहे, तेही सांगणार नाही. राजारामभाऊ काय म्हणाले? काँक्रीटला हलायला जागा लागते. माणसालाही लागते. मालन, काळी चार."

पेटीतून सूर निघाला, आणि प्रेमाबाईंनी कालचाच अंतरा, कालच्यापेक्षा हळू, उचलला:

*दार ना लाविले बापाने, दिवा ना विझविला…*

दुसरी ओळ त्यांनी म्हटलीच नाही. सूर तसाच धरून ठेवला. मालननं भाता चालू ठेवला. एक श्वास. दोन. तीन.

उजव्या खांबाशी रतन उभा राहिला.

"सही माझी होती," तो म्हणाला. "र. को. सर तेव्हा ऑपरेशन होऊन घरी पडून होते. पाऊस तोंडावर आला, काच आली नव्हती. पाणी आत जाईल या भीतीनं मी निरोप धाडला, बुजवा, पावसाळा संपला की उघडू. कागदावर तसं लिहिलं, सही केली. पावसाळा संपला, उद्घाटन झालं, आणि माझी जीभ उचलेना. बुधवारनंतर रोज वाटायचं, कागद उघडला की माझं ऑफिस, माझं नाव… काल मी तो चटईत घातला. उलगडून बघायचीही हिंमत झाली नाही." तो टेबलापर्यंत आला. "सर, तुम्हाला कधी कळलं?"

"उद्घाटनादिवशी," परुळेकर म्हणाले. "मान वर केलंय, उजेडाची रेघ नाय. घरी जाऊन कागद बघितलंय."

"अकरा वर्षं? एक शब्द बोलला नाहीत?"

म्हाताऱ्यानं खिशातून काळी वही काढली, शेवटचं पान उघडून त्याच्या हातात दिली. रतननं वही उजेडाकडे धरली. तेव्हा मालननं त्याच्या खांद्यावरून वाचलं, मोठ्यानं:

"मुलुंड: रतन आपणहून सांगायला येईल म्हणून वाट बघत बसलो. मी विचारायला हवं होतं. माणूस वाट बघतो, छप्पर बघत नाही. हा दोष सगळ्यांत मोठा, आणि माझा."



रतननं खिशातलं पेन काढलं. पसरलेल्या 'चं. प.' वर एक आडवी रेघ मारली, आणि त्याच्याखाली, आख्ख्या मंडळीसमोर, पूर्ण नाव लिहिलं. रतन महादेव कोठारे. तिथंही शाई पसरली. पसरू दे म्हणाला.

राजाराम गावंड बाह्या सारत उठला. "बोलणं झालं असंल तर कापायला कधी लागू?"

सगळे श्यामकांत भालेरावांकडे बघायला लागले. त्यांनी नाक शिंकरलं, चष्मा पुसला. "कौलांचा विषय मी मागे घेतो," ते म्हणाले. "पण फोटोत ओळखू यावं म्हणून दाराशी एक पाटी तरी लावा!"

तर मंडळी, एप्रिलात फट कापली गेली. रतननं स्वतः वर उभं राहून चार बोटांची जागा मोजली, काच बसवली, आणि कामाचं बिल केलं नाही. पहिल्या रविवारी परुळेकर पुढच्याच बाकावर बसले होते. दहाच्या सुमारास छपरातून उजेडाची एक रेघ उतरली, फरशीवरून सरकत सरकत आली आणि त्यांच्या चपलांपाशी थांबल्यासारखी झाली. मालननं पाहिलं, त्यांनी हळूच पाय मागे घेतले, रेघेला वाट दिली. दोन वर्षांनी ते गेले. दोषवही रतनकडे आहे, आणि तिच्यात आता त्याच्या हातची पानं आहेत.

आता माझं मागणं. मुलुंडला कधी गेलात तर कुणालाही टाकीवालं चर्च विचारा. आत जा, सतरंजीवर बसा. देव तुमचा कुठला ते तिथं कुणी विचारत नाही. ती रेघ तुमच्या पायाशी आली की क्षणभर पाय मागे घ्या, आणि धाकू गिरणीवाल्याच्या त्या पोराची, चंद्रप्रकाश परुळेकरांची, आठवण काढा.